पाचामुखी राज्यघटना

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने काही वर्षांपूर्वी अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा दिली. परीक्षा तोंडी. सरकारने जाहीर केलेली शंभर प्रश्नांची यादी तेव्हा असायची, अधिकारी त्यातले जास्तीत जास्त दहा विचारणार, सहा बरोबर आले की झालं. (आता यादी १२८ प्रश्नांची केली आहे आणि विसातले बारा बरोबर यावे लागतात.) तिच्याकडे सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ. ती डबे भरता भरता उत्तरं द्यायची आणि मी फोनवरून परीक्षक व्हायची. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. घटनेचे पहिले तीन शब्द कोणते? वी द पीपल. घटनेत दुरुस्त्या किती? सत्तावीस.

“अगं, एवढ्याच?” तिने आपणहूनच विचारलं. “इतक्या वर्षांत? आपल्याकडे शंभरी केव्हाच उलटली ना?”

उलटली. २०२३ मध्ये संसदेने महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती केली ती १०६वी. तिथे १७८७ पासून सत्तावीस, आणि त्यातल्या पहिल्या दहा १७९१ मध्ये एकगठ्ठा आल्या त्या बाजूला काढल्या तर उरतात सतरा. शेवटच्या, सत्ताविसाव्या दुरुस्तीची तर कथाच वेगळी. खासदारांनी स्वतःच्या पगारात केलेला बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा, एवढंच ती सांगते. घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनने ती १७८९ मध्ये मांडली होती, पुरेशा राज्यांनी मान्यता दिली नाही आणि ती दोन शतकं पडून राहिली. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की या प्रस्तावाला मुदतच घातलेली नाही, म्हणजे तो अजून जिवंत आहे. त्यावर त्याने निबंध लिहिला, निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली, आणि पठ्ठ्याने राज्याराज्यांच्या लोकप्रतिनिधींना पत्रं पाठवायचा सपाटा लावला. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, दुरुस्ती घटनेत गेली. गोष्ट सांगायला छान आहे. पण एखादा नवा प्रश्न समोर आला, त्यावर देशाने विचार केला, नवा प्रस्ताव मांडला आणि घटना बदलली, असं अमेरिकेत शेवटचं घडलं ते १९७१ मध्ये, मतदानाचं वय अठरावर आणलं तेव्हा.

मग त्यानंतरच्या अर्धशतकात अमेरिकेची घटना बदललीच नाही का? भरपूर बदलली. १९७३ मध्ये स्त्रीला गर्भपाताचा घटनात्मक हक्क मिळाला, २०२२ मध्ये तो गेला. २००८ मध्ये बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क ठरला. २०१० मध्ये कंपन्यांना निवडणूक प्रचारावर हवा तेवढा स्वतंत्र खर्च करायची मुभा मिळाली. २०१५ मध्ये समलिंगी विवाह देशभर मान्य झाला. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कृत्यांबद्दल फौजदारी खटल्यापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळालं. यातलं काही मला पटतं, काही मुळीच पटत नाही. पण या सगळ्यात घटनेच्या मजकुरातला काना-मात्रासुद्धा हललेला नाही. बदल केले ते सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी, आणि नऊ तरी कशाला म्हणायचं? बंदुकीचा, कंपन्यांच्या पैशाचा आणि समलिंगी विवाहाचा, तिन्ही निकाल पाच विरुद्ध चार. गर्भपाताचा हक्क समूळ काढायलाही पाचच मतं होती. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन चौतीस वर्षं त्या न्यायालयात होते. आपल्याकडे नव्याने आलेल्या तरुण सहायकांना ते हाताची पाच बोटं दाखवून सांगत, इथला सगळ्यात महत्त्वाचा नियम हा, पाच मतं असली की इथे काहीही करता येतं. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात, तिथे पाचामुखी राज्यघटना आहे.

यावर अमेरिकेत जी तक्रार ऐकू येते ती न्यायाधीशांबद्दलची. न्यायालयाने जनतेचा अधिकार बळकावला, असं आज उदारमतवादी म्हणतात. साठच्या दशकात मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांच्या काळात हेच वाक्य परंपरावादी म्हणत होते. मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. खुर्ची रिकामी होती म्हणून न्यायाधीश तिच्यात बसले. ती खुर्ची जनतेची होती, आणि ती रिकामी का पडली याचं उत्तर न्यायालयाच्या संगमरवरी इमारतीत शोधून सापडणार नाही. ते घटनेच्या पाचव्या कलमात आहे.

पाचवं कलम म्हणजे दुरुस्तीचं कलम. काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतांनी प्रस्ताव मंजूर व्हायला हवा आणि मग तीन-चतुर्थांश राज्यांनी तो स्वीकारायला हवा. दोन-तृतीयांश राज्यांनी मागणी केली तर घटनापरिषद बोलवायची दुसरीही वाट आहे, पण त्या वाटेने आजवर एकही दुरुस्ती झालेली नाही. मूळ राज्यं तेरा, तेव्हा दहांची संमती पुरेशी होती. आज राज्यं पन्नास, म्हणजे अडतीस हवीत. उलटा हिशेब मांडला की खरी गंमत कळते. तेरा राज्यांनी नकार दिला की दुरुस्ती मेली, आणि लोकसंख्येने सर्वांत लहान तेरा राज्यं घेतली तर त्यांत देशाची जेमतेम साडेचार टक्के माणसं राहतात. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी तर हिशेब आणखी पुढे नेला होता. त्या लहान राज्यांतलं निसटतं बहुमत धरलं तर देशातल्या दोन टक्क्यांहूनही कमी लोकांना घटनादुरुस्ती अडवता येते, असं त्यांनी २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये सांगितलं. घटनेत एकच गोष्ट बदलायची तर काय बदलाल, असा प्रश्न होता. शेजारी बसलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी स्त्री-पुरुष समानतेची दुरुस्ती मागितली, आणि स्कालियांनी दुरुस्तीचं कलमच सोपं करायचं म्हटलं.

स्कालियांनी हे म्हणावं यात मोठी खोच आहे. घटनेचा अर्थ ती लिहिली गेली तेव्हाच्या लोकांना जो कळला तोच धरायचा, न्यायाधीशांनी त्यात आपल्या पदरचं काही घालू नये, या मताचे ते सर्वांत नावाजलेले पुरस्कर्ते. नवा हक्क हवा असेल तर न्यायालयात येऊ नका, घटनादुरुस्ती करा, असं ते बजावत. युक्तिवाद म्हणून हा मला चोख वाटतो. फक्त, ज्या दाराकडे बोट दाखवायचं ते दार उघडत नाही हे बोट दाखवणाऱ्यालाही पक्कं ठाऊक होतं.

पूर्वी ते उघडत असे. न्यायालयाने घटनेचा एक अर्थ लावला, देशाला तो पटला नाही आणि देशाने दुरुस्ती करून न्यायालयाला उत्तर दिलं, असं चार वेळा ठळकपणे घडलं आहे. १७९३ मध्ये न्यायालयाने एका राज्यावर दुसऱ्या राज्याच्या नागरिकाला खटला भरू दिला, तर १७९५ मध्ये अकरावी दुरुस्ती आली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात काळ्या माणसाला अमेरिकेचा नागरिक होताच येत नाही असं म्हटलं गेलं, त्याचं उत्तर १८६५ आणि १८६८ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या दुरुस्तीने दिलं. १८९५ मध्ये प्राप्तिकर रद्द झाला, तो १९१३ मध्ये सोळाव्या दुरुस्तीने परत आला. डिसेंबर १९७० मध्ये, राज्यांच्या निवडणुकांत मतदानाचं वय ठरवायचा अधिकार काँग्रेसला नाही असा निकाल लागला आणि सातच महिन्यांत सव्विसावी दुरुस्ती झाली. या यादीतलं दुसरं उत्तर मात्र इतरांच्या पंगतीला बसवता येत नाही. त्याच्या आधी सहा लाखांहून जास्त माणसं यादवी युद्धात मेली, आणि हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांना चौदावी दुरुस्ती मान्य केल्याशिवाय काँग्रेसमध्ये परत जागा मिळणार नव्हती. अमेरिकन घटनेतलं सर्वांत उदात्त कलम पाचव्या कलमाच्या शांत वाटेने आलेलं नाही, हे तिथले घटनाभक्त फारसं बोलून दाखवत नाहीत.

हे उत्तर द्यायची सवय मोडली कधी? १९७१ चा अपवाद सोडला तर, माझ्या मते १९३७ मध्ये. आणि ती मोडली बालमजुरीच्या प्रश्नावरून सुरू झालेल्या एका लांबलचक भांडणात.

१९१६ मध्ये काँग्रेसने कायदा केला की ज्या कारखान्यात चौदा वर्षांखालची मुलं कामाला आहेत तिथला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवता येणार नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कापड गिरणीत काम करणाऱ्या मुलांचा बाप न्यायालयात गेला. तक्रार अशी की हा कायदा माझ्या पोरांची कमाई बुडवतो. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पुन्हा पाच विरुद्ध चार. काँग्रेसने मग बालमजुरीवर कर बसवून पाहिला, १९२२ मध्ये तोही गेला. दोन्ही वाटा बंद झाल्यावर काँग्रेसने जे करायला हवं तेच केलं. १९२४ मध्ये दोन-तृतीयांश मतांनी बालमजुरीविरुद्धची घटनादुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. राज्यं तेव्हा अठ्ठेचाळीस, छत्तिसांची मान्यता हवी होती. तेरा वर्षं उलटली तरी आकडा अठ्ठावीसवर अडकला. मुलं गिरणीत राबू नयेत एवढ्या साध्या गोष्टीवर!

मधल्या काळात महामंदी आली, फ्रँकलिन रूझवेल्ट आले आणि त्यांचे मंदीविरोधी कायदे न्यायालयाने एकामागोमाग एक पाडायला सुरुवात केली. १९३६ च्या निवडणुकीत रूझवेल्टनी अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्यं जिंकली. एवढा कौल हातात असलेल्या माणसाने घटनादुरुस्ती मांडायला हवी होती. त्यांनी ती मांडली नाही. सत्तर वर्षांवरचा जो न्यायाधीश निवृत्त होत नाही त्याच्यामागे एक जादा न्यायाधीश, असे सहापर्यंत वाढवायची योजना त्यांनी आणली. ९ मार्च १९३७ ला रेडिओवर देशाशी बोलताना त्यांनी कारणही सांगून टाकलं. पाच टक्के मतदारांची तेरा राज्यं मिळून पंचाण्णव टक्क्यांना अडवू शकतात, मग दुरुस्तीच्या नादी कोण लागणार? म्हणजे स्कालियांचा हिशेब रूझवेल्टनी सत्त्याहत्तर वर्षं आधी मांडून ठेवला होता. दोन टोकांची दोन माणसं, हिशेब एकच.

योजना सिनेटमध्ये आपटली. त्यांच्याच पक्षाने ती आपटली. पण त्याच मार्चच्या २९ तारखेला न्यायालयाने वॉशिंग्टन राज्याचा किमान वेतनाचा कायदा वैध ठरवला आणि वारं फिरलं. निर्णायक मत फिरवणाऱ्या न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी ते योजना जाहीर होण्याआधीच दिलं होतं, हे आता माहीत आहे, त्यामुळे घाबरून मत बदललं ही लोकप्रिय कथा तितकीशी टिकत नाही. परिणाम मात्र टिकला. पुढच्या सहा वर्षांत रूझवेल्टनी आठ नवे न्यायाधीश नेमले. १९४१ मध्ये त्या नव्या न्यायालयाने १९१८ चा बालमजुरीचा निकाल एकमताने मोडीत काढला. दुरुस्ती नावाचं घोंगडं राज्यांच्या विधिमंडळांत भिजत पडलं ते पडलंच, तिला मुदत नसल्यामुळे ती कागदोपत्री अजून प्रलंबित आहे.

मुलांचं भलं झालं, याचा आनंदच आहे. पण दोन्ही पक्षांच्या धुरिणांनी यातून जो धडा घेतला त्याची किंमत अमेरिका आजवर मोजते आहे. अडतीस विधिमंडळं जिंकण्यापेक्षा पाच खुर्च्या जिंकणं स्वस्त पडतं, हा तो धडा. एकदा हे कळल्यावर स्त्री-पुरुष समानतेची दुरुस्ती १९८२ च्या मुदतीत पस्तीस राज्यांवर थांबली याचं, किंवा उरलेल्या तीन राज्यांनी २०१७ ते २०२० मध्ये मान्यता देऊनही ती अजून घटनेत छापली गेलेली नाही याचं, फारसं नवल वाटत नाही. प्रचारातल्या पैशावर मर्यादा घालायची दुरुस्ती २०१४ मध्ये सिनेटसमोर आली. ५४ बाजूने, ४२ विरोधात, आणि तरीही चर्चा संपवून पुढे जाण्याइतकीसुद्धा मतं भरली नाहीत. सगळ्यांनाच ठाऊक होतं की हा देखावा आहे.

खरी लढाई खुर्च्यांसाठी चालते. स्कालियांच्या नेमणुकीवर १९८६ मध्ये सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य मतं पडली होती. गिन्सबर्ग यांना १९९३ मध्ये ९६ विरुद्ध ३. ते कट्टर परंपरावादी, त्या स्त्री-हक्कांच्या वकील, आणि तरी कोणाला वावगं वाटलं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये स्कालिया वारले तेव्हा ओबामांची कारकीर्द अकरा महिने उरली होती. त्यांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं आणि सिनेटने त्यावर साधी सुनावणीही घेतली नाही, निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून. सप्टेंबर २०२० मध्ये गिन्सबर्ग वारल्या, तेव्हा निवडणूक सात आठवड्यांवर होती. त्याच सिनेटने एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी, मतदानाच्या आठ दिवस आधी, पक्की केली. नेमणूक तहहयात. त्यामुळे सत्त्याऐंशी वर्षांच्या, कर्करोगाशी झुंजणाऱ्या बाईंच्या रक्ताचे अहवाल देशाच्या राजकारणाचा विषय झाले होते. एका थोर देशाचं मूलभूत हक्कांचं गणित यमाच्या वेळापत्रकावर चालावं, याला मी तरी लोकशाही म्हणणार नाही. जिमी कार्टरना चार वर्षांत एकही न्यायाधीश नेमायची संधी आली नाही. ट्रम्प यांना पहिल्याच चार वर्षांत तीन आल्या. यात मतदारांनी काय ठरवलं?

न्यायालय या सगळ्यात निष्पाप आहे असं मात्र मी म्हणत नाही. १९६५ चा मतदान हक्क कायदा २००६ मध्ये काँग्रेसने पुढे चालू ठेवला तेव्हा सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधीगृहात ३९० विरुद्ध ३३ मतं होती. काळ्या मतदारांना अडवण्याचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी, ही त्याची मुख्य अट. कोणत्या राज्यांना ती लागू करायची हे ठरवणारं सूत्र जुनं झालं म्हणून २०१३ मध्ये पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं आणि ती अट हवेत लटकली. चौदाव्या-पंधराव्या दुरुस्तीने ज्या काँग्रेसला हे हक्क अमलात आणायचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला, तिच्या जवळजवळ एकमुखी निर्णयापुढे पाच माणसं जास्त शहाणी ठरली. खुर्ची रिकामी होती हे खरं, पण बसणारा ऐसपैस पसरला हेही खरं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की दोष कलमाचा नाही, अमेरिकन माणसांचाच आहे, इतकी दुभंगलेली माणसं एकत्र येऊन घटना काय बदलणार? हा आक्षेप वजनदार आहे. कलम हेच होतं आणि १९१३ ते १९२० मध्ये चार दुरुस्त्या झाल्या, १९६१ ते १९७१ मध्ये आणखी चार झाल्या. तेव्हा पक्ष आतून मिश्र होते, आज राज्यंच्या राज्यं एकेका पक्षाची झाली आहेत. पण या आक्षेपाला अमेरिकेतूनच उत्तर मिळतं, फक्त ते वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही. ते कॅन्ससमध्ये मिळतं.

अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते, हे आपण विसरतो. डेलावेअर सोडलं तर बाकीच्या एकूणपन्नास राज्यांत घटनादुरुस्ती थेट मतदारांपुढे जाते. २४ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला आणि २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये मतदान होतं. राज्याच्या घटनेत असलेला गर्भपाताचा हक्क काढून टाकायचा का, असा प्रश्न मतपत्रिकेवर होता. कॅन्सस म्हणजे रिपब्लिकनांचा बालेकिल्ला, २०२० मध्ये ट्रम्प यांनी आरामात जिंकलेला. तिथे सुमारे ५९ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. म्हणजे ट्रम्प यांना मत देणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांनी म्हटलं. उमेदवार निवडताना माणूस पक्षाचा असतो, नेमका प्रश्न समोर आला की तो स्वतःचा होतो. पक्षभेदांच्या भिंती इतक्या उंच असूनही लोकांना घटनेबद्दल विचार करता येतो, विचारलं तर.

पुढच्या वर्षी ओहायोत याहून बोलकं घडलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती मतदानाला येणार हे दिसताच राज्याच्या विधिमंडळाने ऑगस्टमध्येच दुसरा प्रस्ताव आणला. यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी साठ टक्के मतं लागावीत. लोकांनी डाव ओळखला आणि सुमारे ५७ टक्क्यांनी तो फेटाळला. नोव्हेंबरमध्ये मूळ दुरुस्ती मंजूर झाली, तीही सुमारे ५७ टक्क्यांनीच. आणि २०२४ मध्ये फ्लोरिडात तशाच दुरुस्तीला तेवढीच, सुमारे ५७ टक्के मतं मिळाली आणि ती पडली, कारण फ्लोरिडात साठची अट आहे. शंभरात सत्तावन्न दोन्हीकडे, एका राज्यात हक्क आहे, दुसऱ्यात नाही. उंबरठा किती उंच ठेवायचा हा प्रश्न वकिलांपुरता नाही, तो एवढा रोखठोक असतो. साठ टक्क्यांची अट मला अन्यायाची वाटत नाही, चर्चा करण्याजोगी वाटते. पण देशाच्या पातळीवर जी अट आहे तिच्यापुढे फ्लोरिडाची अट म्हणजे पायपुसणं.

१९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेल्या एका तरुणाने हे फार लवकर ओळखलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणातली भक्तीबद्दलची आणि विसंगतींच्या आयुष्याबद्दलची वाक्यं आपण दरवर्षी ऐकतो. त्याच भाषणात त्यांनी थॉमस जेफरसनचा दाखला दिला आहे. प्रत्येक पिढी हे एक वेगळं राष्ट्रच समजावं, तिने स्वतःला बांधून घ्यावं, पुढच्या पिढीला बांधू नये. (हाच जेफरसन १७८९ मध्ये पॅरिसहून मॅडिसनला लिहिताना हिशेब करून एकोणीस वर्षांवर आला होता, त्यानंतर प्रत्येक घटना आपोआप संपावी म्हणून. मॅडिसनला ते मानवलं नाही.) आणि पुढे बाबासाहेब नाव घेऊन सांगतात की अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियासारख्या असाधारण अटी आम्ही दुरुस्तीवर लादल्या नाहीत, आमची पद्धत अगदी सोपी ठेवली आहे. ज्यांना घटना पसंत नाही त्यांनी दोन-तृतीयांश बहुमत मिळवावं. तेवढंही जमत नसेल तर जनता आपल्याबरोबर आहे असं त्यांनी म्हणू नये.

सोप्या दाराने चोरही येतो, हे आपण १९७५-७६ मध्ये पाहिलं. एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या हाताबाहेर नेली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेचा बराच भाग उलटापालटा केला. म्हणूनच ट्रम्प यांच्या काळात पाचवं कलम सैल करा म्हणणं म्हणजे वेडेपणा, असं अमेरिकेतली माझी मित्रमंडळी म्हणतात तेव्हा मला त्यांची भीती खोटी वाटत नाही. पण गोष्ट पुढेही सांगायला हवी. १९७७ मध्ये लोकांनी सरकार बदललं आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने त्यातलं बरंच पूर्ववत केलं. घाण ज्या दाराने आत आली त्याच दाराने बाहेर गेली. अमेरिकेनेही एकदा हे केलं आहे. दारूबंदी १९१९ मध्ये अठराव्या दुरुस्तीने घटनेत घुसली आणि फसली. फेब्रुवारी १९३३ मध्ये ती उठवायचा प्रस्ताव निघाला, त्याच डिसेंबरमध्ये दारूबंदी संपली. आज तिथे पाच न्यायाधीशांनी घटनेत घातलेली चूक काढायची तर त्यांतला एखादा मरायची वाट पाहावी लागते. आपलं न्यायालय १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून संसदेच्या दुरुस्त्यांपासून घटनेचा गाभा राखतं. तेही पाचामुखी नव्हे तर सातामुखी, सात विरुद्ध सहा, आणि २०१५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीची पद्धत बदलणारी दुरुस्ती पाडताना ते गाभा राखत होतं की स्वतःचं अंगण, यावर वाद होऊ शकतो. पण निदान आपल्याकडे दुरुस्ती करणारा एक आणि तिच्यावर नजर ठेवणारा दुसरा. अमेरिकेत दोन्ही कामं एकाच बाकावर चालतात.

मग करायचं काय? न्यायाधीशांना अठरा वर्षांची मुदत द्यावी, दर दोन वर्षांनी एक जागा रिकामी व्हावी, ही सूचना तिथे बरीच वर्षं चर्चेत आहे आणि ती चांगली आहे. यमाची भूमिका तरी संपेल. पण त्याने फक्त खुर्च्यांचा खेळ नियमित होईल. मला विचाराल तर राज्यांची अट तीन-चतुर्थांशावरून दोन-तृतीयांशावर आणावी आणि जोडीला देशभरच्या मतदारांचं थेट मतदान घ्यावं, कॅन्सससारखं, नेमका प्रश्न समोर ठेवून. लहान राज्यांचा मानही राहील आणि साडेचार टक्क्यांचा नकाराधिकारही जाईल. अडचण एवढीच की पाचवं कलम बदलायचं ते पाचव्या कलमानेच. पेटीची किल्ली पेटीतच.

१९४७ मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल हे याच नागरिकत्वासाठी न्यू जर्सीतच, ट्रेंटनला, न्यायाधीशापुढे उभे राहिले होते. तयारी करताना त्यांना म्हणे घटनेत अशी फट सापडली की अमेरिकेत कायदेशीर मार्गाने हुकूमशाही आणता येईल, आणि ती न्यायाधीशाला समजावून सांगायचा त्यांचा बेत होता. बरोबर आलेल्या आइन्स्टाइनना त्यांना आवरताना पुरेवाट झाली. फट कोणती हे नोंदलेलं नाही. पाचवं कलम स्वतःलाही दुरुस्त करू शकतं, हीच ती असावी असा अनेकांचा तर्क आहे. तसं असेल तर गोडेलना भीती होती ती दार फार सहज उघडेल याची.

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या मुलालाही नागरिकत्व मिळणार नाही. अमेरिकेत जन्मलेला तो नागरिक असं सांगणारं चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं वाक्य आणि त्यावर शिक्कामोर्तब करणारा १८९८ चा वाँग किम आर्क निकाल डोळ्यांसमोर असताना. एडिसनमधल्या कितीतरी मराठी घरांत त्या आठवड्यात बाळंतपणाच्या तारखा मोजल्या गेल्या, कारण ग्रीनकार्डची रांग भारतीयांसाठी दशकांची आहे आणि तोवर सगळं आयुष्य तात्पुरतं. या आदेशाइतकीच मला त्याची वाट बोचली. जन्माने नागरिकत्व नको, असं मत कोणी मांडू शकतं, अनेक लोकशाही देशांत ते नाहीच. पण ते मांडायची जागा दुरुस्तीची आहे, आणि ती वाट कोणी चाचपूनही पाहिली नाही. सही करणाऱ्याने नाही, आणि विरोध करणाऱ्यांनीही ‘हिंमत असेल तर दुरुस्ती आणा’ हे फार जोरात म्हटलं नाही. सगळे सरळ न्यायालयाकडे धावले, पाच बोटं मोजायला.

मावसबहीण परीक्षेत पास झाली. दहापैकी पहिल्या सहा प्रश्नांतच सुटली, आणि दुरुस्त्या किती हा प्रश्न तिला आलाच नाही, इतका पाठ करून. शपथविधीला मुलीला घेऊन गेली होती. मुलीचा जन्म तिथलाच, आईबाप दोघंही व्हिसावर असतानाचा, त्यामुळे तिला हा प्रश्न कधी कोणी विचारणार नाही.